हिरो विमानतळावर पोचणार, हे तिलाही माहीत आहे

ताई, नमस्कार.

लग्नाला सात वर्षं झाली. मी एका कंपनीत क्वालिटीत आहे, बायको शाळेत शिकवते, मुलगी चार वर्षांची. शुक्रवारी रात्री मुलगी झोपली की आम्ही दोघं पिक्चर लावायचो. बायकोला रोमँटिक कॉमेडीच लागते. मला त्यांचा वीट आलाय, कारण पहिल्या दहा मिनिटांत सगळं कळतं. आता ही त्याच्या अंगावर कॉफी सांडणार, आता इंटरव्हलच्या आगेमागे गैरसमज, आता पाऊस, आता तो विमानतळावर धावणार. मी आधीच सांगतो आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतं. सुरुवातीला ती हसायची. मग एकदा म्हणाली, "तुझी २०११ची फायनल तू दर महिन्याला बघतोस, तिचा शेवट बदलतो का?" मी म्हटलं, ती खरी घडली होती. हे सगळं खोटं आहे, खऱ्या आयुष्यात कोणी असं वागत नाही. त्या दिवशी ती मध्येच उठून गेली.

माझा प्रश्न असा, की शहाणीसुरती, एम.एस्सी. झालेली बाई असला ठरलेला आणि खोटा माल का बघते? यातून माझ्याकडून तिच्या भलत्याच अपेक्षा तर वाढत नसतील? तिला कसं समजवावं?

ता.क. हल्ली ती स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता मोबाइलवर बघते, दोन्ही कानांत इयरफोन घालून. पूर्वी एक मला द्यायची.

— अंदाजपंचे, डोंबिवली

*

अंदाजपंचे, नमस्कार.

माझी एक जुनी खोड आहे, मी पत्राचं ता.क. आधी वाचते. वर माणूस वकिली करतो, दुखणं खाली लिहितो. तुमचंही तसंच झालंय. पण तुम्ही वर इतकी मेहनत घेतली आहे, तर आधी वरचं घेऊ.

तुम्ही दोन तक्रारी एका दमात केल्या आहेत. हे सिनेमे ठरलेले असतात, आणि हे सिनेमे खोटे असतात. क्वालिटीतल्या माणसाने दोन वेगळे दोष एकाच रकान्यात भरावेत याचं मला नवल वाटलं. कारण या दोन तक्रारी एकमेकींच्या पायात पाय घालतात. खऱ्या आयुष्याइतकं ठरलेलं दुसरं काय आहे? तुमची सकाळची लोकल, तिच्यातले तेच चेहरे, महिन्याच्या सुरुवातीला जाणारा घराचा हप्ता, पहिल्या मोठ्या पावसात रुळांवर साचणारं पाणी. मुलगी बघायला येतात, पोहे खातात, "आम्ही कळवतो" म्हणतात आणि मध्यस्थाचा फोन येईपर्यंत दोन्ही घरांत कोणी काही बोलत नाही. हे सगळं जसंच्या तसं पडद्यावर आणलं, तर तुम्हाला दहा मिनिटंही लागणार नाहीत, पोस्टर बघूनच सगळं सांगाल. तेव्हा एक काहीतरी ठरवा. आयुष्यासारखा सिनेमा हवा असेल, तर तो ओळखता येणारच. ओळखता न येणारा हवा असेल, तर तिथे योगायोग येणार, आणि मग तुम्हीच म्हणणार, असं कुठे होतं का!

आता शेवट आधीच कळण्याबद्दल. माझी आत्या साताऱ्याची. देवलांचं 'संशयकल्लोळ' तिने किती वेळा बघितलं, याचा हिशेब तिने स्वतःच सोडून दिला होता. हे नाटक संगीत रूपात रंगभूमीवर आलं १९१६ साली, आणि त्याची मूळ गोष्ट तर त्याहून कितीतरी जुनी, फ्रान्समधल्या नाटककार मोलियेरची. म्हणजे आत्याच्या जन्माआधीच त्याचा शेवट दोन देशांत जाहीर झालेला होता. फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका एकमेकांवर संशय घेणार, आश्विनशेठ आणि रेवती यांचंही त्यात बिनसणार, आणि शेवटी सगळी जोडपी जागच्या जागी येणार. आत्याला पदं पाठ, संवाद पाठ. तरी आश्विनशेठची ती तसबीर फाल्गुनरावाच्या हाती लागली, की आत्या मांडीवरच्या रुमालाला गाठ मारायची आणि दातांतल्या दातांत म्हणायची, "अरे मेल्या, विचार की तिला सरळ!" प्रत्येक प्रयोगाला. मी तिच्या शेजारी बसलेली असायचे, तेव्हा शाळेत होते. मला वाटायचं, आत्या विसरली वाटतं, तो विचारणार नाही ते.

ती विसरली नव्हती. तुम्ही जेव्हा म्हणता, "आता गैरसमज होणार," तेव्हा तुम्ही भाकीत करता. आत्या म्हणायची, "अरे, विचार की," तेव्हा ती विनवायची. गोष्ट दोघांनाही माहीत आहे. तुम्ही तिच्या बाहेर उभे राहून घड्याळ बघताय आणि ती आत बसून रुमाल पिळतेय, एवढाच फरक.

यावर संशोधनही झालंय. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरी जास्त आवडल्या, आणि त्यात रहस्यकथाही होत्या! लगेच हुरळून जाऊ नका. नंतरच्या काही अभ्यासांत उलटही निघालं. शिवाय त्या वाचकांना शेवट एकदाच, सुरुवातीला, कागदावर सांगितला होता. दर पंधरा मिनिटांनी शेजारी बसून कानात कोणी ओरडत नव्हतं.

तुमच्या बायकोच्या फायनलच्या मुद्द्यावर तुम्ही दिलेलं उत्तर, खरं सांगते, मला अर्धंमुर्धं पटलं. ती मॅच घडली होती, हे खरंच. पण तुम्ही ती दर महिन्याला बघता ती काय खातरजमा करायला? वानखेडेवर २ एप्रिलला भारत जिंकला होता ना, हे तपासायला? धोनीची बॅट फिरल्यावर तो जो क्षणभर तसाच उभा राहून चेंडूकडे बघतो, ते बघायला तुम्ही जाता. निकालासाठी नाही, तो क्षण कसा आला त्यासाठी. मग बायकोही दुसरं काय करते?

आता खोटेपणा. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या म्हणण्यात दम आहे, फक्त तुम्ही नेम चुकीच्या ठिकाणी धरलाय. तुम्ही शेवटाला खोटं म्हणता. या सिनेमांतलं खरं शेवटात कधीच नसतं, ते मधे कुठेतरी बारीकसारीक जागी असतं, आणि नसलं तर सिनेमा फसतो. बासू चटर्जींचा १९७६चा 'छोटी सी बात' आठवा. मुंबईतला कारकुनी वळणाचा अरुण, अमोल पालेकर. बसस्टॉपवर रोज दिसणारी प्रभा, विद्या सिन्हा. त्यांचं जमणार हे पहिल्या बसच्या आधी कळतं. नंतर अरुण खंडाळ्याला एका कर्नलकडे जाऊन धीट व्हायचं रीतसर शिक्षण घेतो. अशी शाळा खंडाळ्यात काय, कुठेच नसते, ही शुद्ध थाप. पण तोवरचं बघा. बसच्या रांगेतली ती चुळबुळ. स्कूटरवाला नागेश येऊन तिला लिफ्ट देऊन जातो तेव्हा अरुणच्या चेहऱ्यावरचं ते कसनुसं हसू. आणि त्यावर तोड म्हणून घेतलेली ती जुनी मोटारसायकल, जिच्या व्यवहारात तो सपशेल फसवला जातो! जे त्या क्षणी सुचलं नाही ते घरी आल्यावर मनातल्या मनात झोकात बोलून टाकणं, हे तुम्ही कधीच केलं नाही म्हणता? त्या वीस-पंचवीस मिनिटांतल्या खऱ्यावर प्रेक्षकाने कर्नलची थाप उधार घेतली, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

आपल्याकडे २०१०च्या 'मुंबई-पुणे-मुंबई'त तेच. मुंबईची मुलगी पुण्यात एका मुलाला नकार द्यायला येते आणि वाटेत दुसराच एकजण भेटतो. दुसराच म्हणजे कोण, हे थिएटरातल्या चार रांगांनी इंटरव्हलआधीच ओळखलं असणार. पण दोन माणसं दिवसभर पुण्यात बोलत फिरतात, एकमेकांच्या शहरांना नावं ठेवतात, आणि त्या टोमण्यांचा सूर आपल्या घरातला असतो. त्यासाठी लोक गेले. तुमची बायको एम.एस्सी. असूनही हे बघते असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, एम.एस्सी. असल्यामुळे बघत असेल. आम्ल आणि आम्लारी मिसळलं की काय होणार हे तिला वर्गात शिरण्याआधीच माहीत असतं, तरी परीक्षानळीचा रंग बदलताना ती मुलांना पुढे बोलावत असेलच ना? (विषय मी गृहीत धरलाय. गणित असेल तर हे वाक्य सोडून द्या.)

आता तुमची बाजू. 'छोटी सी बात'मध्येच अरुण प्रभाच्या मागे मागे जातो. तिला ते कळतं, ती मनात हसते, म्हणून ते चालून जातं, आणि तरीही आज बघताना माझ्या भुवया थोड्या वर जातात. पुढच्या किती सिनेमांनी तिचं हसणं गाळलं आणि मागे जाणं तेवढं उचललं! मुलगी नाही म्हणते, हा तिच्या ऑफिसबाहेर उभा. ती पुन्हा नाही म्हणते, हा गाणं म्हणतो. शेवटी ती हो म्हणते आणि वर आपण टाळ्या वाजवायच्या. मिशिगन विद्यापीठातल्या एका संशोधिकेचा २०१५चा अभ्यास याच विषयावर होता. असा पाठलाग गोड करून दाखवणारा सिनेमा ज्या बायकांना खराखुरा वाटला, त्यांच्यात पाठलागाकडे काणाडोळा करण्याची वृत्ती जास्त दिसली. खराखुरा वाटला, हे लक्षात घ्या. म्हणजे सगळ्यात उघड खोटं असतं ते निरुपद्रवी असतं. २००८च्या 'जाने तू या जाने ना'त हिरो घोड्यावर बसून मुंबई विमानतळ गाठतो. तो बघून कोणी घोडा भाड्याने घ्यायला गेलं नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, की दारातला सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय घोड्याला सोडाच, माणसालाही आत सोडत नाही. काळजी करायची ती रोजच्यासारखं दिसणाऱ्या खोट्याची. तिथे तुमची क्वालिटीची नजर लावा आणि खुशाल बोला, "हा मुलगा तिला छळतोय." अशा वाक्याला तुमची बायको उठून जाणार नाही. बहुधा म्हणेल, "मलाही तेच वाटत होतं," आणि सिनेमा थांबवून तुम्ही दोघं वीस मिनिटं बोलाल.

बाकी भाडं न भरता समुद्रासमोर राहणाऱ्या नायिका, कधीही ऑफिसला न जाणारे नायक आणि एका फोनने मिटला असता असा गैरसमज पाऊण तास ताणणारे लेखक, यांच्याबद्दल तुम्ही जे काही म्हणाल त्याला माझा पाठिंबा.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही 'खऱ्या आयुष्यात' हे शब्द फार ठासून लिहिले आहेत. 'व्हेन हॅरी मेट सॅली' हा १९८९चा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक रॉब रायनर, लेखिका नोरा एफ्रन. रायनर तेव्हा घटस्फोटित होता, आणि सुरुवातीच्या मसुद्यात हॅरी आणि सॅली एकत्र येतच नव्हते. तुम्हाला हवा तसा, वास्तववादी शेवट! चित्रीकरणाच्या दिवसांत रायनरची एका बाईशी ओळख झाली, तिच्याशी त्याने पुढे लग्न केलं, आणि सिनेमाचा शेवट बदलला. ज्याला तुम्ही ठरलेला आणि खोटा म्हणाल असा तो शेवट दिग्दर्शकाच्या खऱ्या आयुष्यातून आला. त्याच सिनेमात अधूनमधून म्हातारी जोडपी सोफ्यावर बसून आपण कसे भेटलो ते सांगतात. बसलेले नट आहेत, पण गोष्टी खऱ्या माणसांकडून गोळा केलेल्या आहेत. पटकथेत कोणी लिहिल्या असत्या तर तुम्ही म्हणाला असता, काहीही दाखवतात!

तुमच्या आजूबाजूलाही विचारून बघा. तुमच्याच आईवडिलांचं कसं जमलं? कुठलीतरी चुकलेली एसटी, चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र, पत्रिका जुळत नसताना मधे पडलेली एखादी मावशी, असं काही ना काही निघेलच.

तर अपेक्षा. तुम्हाला भीती आहे, की ती तुमच्याकडून विमानतळावरची धाव मागेल. डोंबिवलीहून विमानतळापर्यंत शुक्रवारच्या संध्याकाळी धावून दाखवा असं ती म्हणाली, तर मला जरूर कळवा. त्या हॅरीचं शेवटचं भाषण ऐकलंय तुम्ही? त्यात चंद्र-तारे नाहीत. सँडविच मागवायला सॅलीला किती वेळ लागतो, त्याच्याकडे बघताना तिच्या कपाळावर कशी आठी पडते, अशा तिच्या खोडींची ती यादी आहे. बारा वर्षांत या माणसाने तिच्याकडे बघितलंय, याचा पुरावा. प्रेमिकांचे हे सगळे सिनेमे, चांगले असोत की टुकार, दोन तास हेच दाखवतात, की कोणीतरी कोणाकडे नीट लक्ष देऊन बघतंय.

आता मी तुम्हाला एक विचारते. किती सिनेमांचे शेवट तुम्ही बरोबर ओळखले, हे तुम्ही दहातले नऊ असं प्रमाण देऊन लिहिलंय. ती कोणता प्रसंग मागे घेऊन पुन्हा बघते? कुठे तिचे डोळे भरतात आणि ते दिसू नये म्हणून ती पाणी आणायला उठते? लिहिता आलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, पत्र चांगलं लांब होतं. तुम्ही पडद्याकडे बघून गोष्ट ओळखत होतात, आणि ती शेजारी एक इयरफोन तुमच्याकडे धरून बसली होती. मग तिने तो स्वतःच्या कानात घातला. तिला सिनेमाबद्दलचं तुमचं मत चाललं असतं. आपल्याला कशाने हसू येतं, कशाने रडू येतं, ते शेजारचा माणूस दहातल्या नऊ वेळा आधीच जाहीर करून टाकतो, हे कोणाला चालेल?

"तिला कसं समजवावं," असं विचारलंत. नका समजावू. तिला सगळं समजलेलं आहे, विमानतळासकट.

फुलं आणून माफीचं भाषणही नको. तो शेवटून दुसरा सीन झाला, आणि तिच्याकडे या बाबतीतला अनुभव तुमच्याहून मोठा आहे, तुम्ही तोंड उघडायच्या आत ती ओळखेल. कंटाळा येत असेल तर "मी झोपतो" म्हणून सरळ झोपा. सगळं दोघांनी मिळूनच आवडून घ्यावं असा काही नियम नाही. आणि एक प्रयोग करून बघा. पुढच्या वेळी फायनल लावाल तेव्हा तिला शेजारी बसवा आणि एकोणपन्नासाव्या षटकातला दुसरा चेंडू पडायच्या आत तिला मोठ्याने म्हणू द्या, "आता सिक्स." मग, "आता रवी शास्त्री ओरडणार." मग, "आता सचिनला खांद्यावर घेणार." किती वेळ ऐकवतं ते बघा.

येत्या शुक्रवारी मुलगी झोपली की स्वयंपाकघरात जा. ती खाली बसली असेल तर खाली बसा, टेबलाशी असेल तर खुर्ची ओढा. काही विचारू नका, काय बघतेयस हेही नाही. जी भाजी असेल तिच्यातली अर्धी जुडी स्वतःकडे ओढा आणि निवडायला लागा. इयरफोन मागायचा नाही. पहिल्या शुक्रवारी मिळेल असंही नाही. मेथी असेल तर पानाबरोबरचा कोवळा देठ ठेवायचा, जून तेवढा टाकायचा. चुकलं तर ती बोलेलच, आणि बोलायला तिला एक कान मोकळा करावा लागेल.